एक सर्व्हर, बारा भानगडी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि कॉलेजांच्या कॉम्प्युटर लॅब खडबडून जाग्या झाल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप लागते. बुलढाण्यापासून शेगावपर्यंत कुठल्याही जुन्या लॅबमध्ये डोकावा. टीपीएम सोडा, कॅबिनेटची झाकणंही जागेवर नसतात.

उपाय? जुनी मशीनं भंगारात, नवीन टेंडर. उत्तर इतकं झटपट आलं की प्रश्नाचीच वाट बघत बसलं होतं की काय!

दुसरा उपाय आहे. जुन्या मशीनची हार्ड डिस्क काढा, बायॉसमध्ये नेटवर्क बूट पहिल्या नंबरला घ्या. बटण दाबलं की मशीन सर्व्हरकडे पत्ता मागतं आणि पडद्यावर मेन्यू येतो : लिनक्स की विंडोज? पुढची हमाली सर्व्हरची. समोरच्या डब्याने चित्र दाखवायचं आणि कीबोर्डचं ऐकायचं. याला थिन क्लायंट म्हणतात. लिनक्ससाठी एलटीएसपी नावाचं सॉफ्टवेअर १९९९ पासून फुकट मिळतंय.

फुकट! तिथेच तर घोडं पेंड खातं. फुकटाचं टेंडर काढायचं कसं?

दोन-दोन सिस्टिम हव्यात कशाला, असं विचारू नका. अभ्यासक्रमात लिनक्स आहे, आणि सी शिकवायला निळ्या पडद्याचं टर्बो सी. ते ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स. विंडोजच्या पोटात डॉस, डॉसच्या पोटात टर्बो सी. एवढं शिकून पोरगं पुण्याला मुलाखतीला जातं, आणि तिथे विचारतात पायथन.

आणि ऑफिसातली टिपणं? ती युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की मराठी टिपणाची एबीसीडी होते. म्हणून एक विंडोज ठेवायचंच.

ठेवा की. पण साधं विंडोज एका वेळी एकालाच बसू देतं. वीस जणांना बसवायचं तर विंडोज सर्व्हर घ्या, माणशी परवाना घ्या, रिमोट डेस्कटॉपचा वेगळा परवाना घ्या. आपण काय घेतो? पेन ड्राइव्हमधून क्रॅक.

आंध्र प्रदेशाने २००८ मध्ये एनकम्प्युटिंग कंपनीचे असे डबे ५,००० सरकारी शाळांत लावले. तेलंगण तेव्हा व्हायचं होतं, म्हणजे शेजारीच की आपले. आपल्याकडेही आयसीटी योजनेतून शाळांत लॅब आल्या. कंत्राट पाच वर्षांचं. ते संपलं, संगणक शिक्षक आंदोलनाला बसले आणि कितीतरी लॅबना कुलपं लागली.

थिन क्लायंटची खोड एकच. सर्व्हर बसला की सगळेच बसले. त्यात लाईन जाते. सर्व्हर यूपीएसवर हवा, हा नियम. यूपीएसवर साहेबांचा पंखा असतो, हा व्यवहार.

आणखी एक गंमत. कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणून लॅबच्या स्विचला जोडतो. तोही पत्ते वाटत सुटतो. मशीनला त्याचं उत्तर आधी मिळालं की पत्ता मिळतो, बूट फाइलचं नाव मिळत नाही. पडद्यावर पीएक्सई-ई५३ हा एरर. राउटरची वायर उपटली की काम फत्ते, एका मिनिटात.

आपलं निदान : व्हायरस. इलाज : फॉरमॅट. कशाचा फॉरमॅट? डब्यात डिस्कच नाही.

ती वायर उपटणारा माणूस हवा, बाकी काही नाही. तसा एखादा पोरगा शेगाव-खामगावात सहज सापडेल. पण त्याला पगार कुठल्या खात्यातून द्यायचा? डब्यांसाठी लेखाशीर्ष आहे, माणसासाठी नाही. डबा बिघडला तर वॉरंटीत जातो. माणूस कायम करा म्हणतो.

पाऊसपाण्याचं भाकीत भेंडवळची घटमांडणी करते. लॅबचं भाकीत मीच सांगतो. ३१ मार्चच्या आत नवी मशीनं येतील. नियमाप्रमाणे तीन दुकानांची तीन कोटेशनंही लागतील. तिन्हींत ‘मॉनिटर’चं स्पेलिंग एकाच जागी चुकलेलं असेल.