कोणाचो तू?

मुंबईत एका रविवारी मी पाचशे रुपये भरून पायी चाललो. फोर्टातला हेरिटेज वॉक होता. गाईडबाई म्हणाल्या, "वर बघा, राजाबाई टॉवर, १८७८ साली पूर्ण झाला." मी वर बघितलं आणि पाय उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या खड्ड्यात गेला. "हे डेव्हिड ससून ग्रंथालय," म्हणेपर्यंत मोटारसायकल फुटपाथवर चढली. वारसा सगळा डोक्यावर आणि धोका सगळा घोट्याशी. दोन तासांत मान आखडली, घोटा सुजला आणि टेकायला एक कठडा मिळाला नाही.

काळ्या घोड्याची तर कमालच. सातव्या एडवर्डचा तो पुतळा १९६५ साली तिथून हलवला. तो आता राणीच्या बागेत असतो. नवा घोडा आला २०१७ साली, तोही स्वाराविना. मधली ५२ वर्षं मुंबईकर नसलेल्या घोड्यापाशी भेटायचं ठरवत होते, आणि भेटतही होते!

मे महिन्यात सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या फोंडाघाटला गेलो तेव्हा हे सगळं मामांना सांगितलं. (गोव्यातला फोंडा वेगळा. मंगेशीच्या देवळासमोर उभं राहून "तुझं घर कुठे रे?" असा फोन करणारे मित्र मला आहेत.) मामांनी शांतपणे सुपारी कातरली आणि विचारलं, "चलाक पैशे दिलंस?"

"मामा, लोक देतात."

"माझी आवस सुक्या मासळीची पाटी डोक्यार घेवन घाट चढायची. तिका पाटीचे पैशे गावत. चलाचे कोण दिता?"

मी हट्टाला पेटलो. आपल्या जिल्ह्यातले विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. मग फोंड्याच्या बाजारपेठेने काय घोडं मारलंय? घाटाखालचं हे गाव. मीठ, नारळ, सुकी मासळी इथून बैलगाड्यांनी वर जायची; गूळ-मिरची खाली यायची. चला, दाखवा.

मामा निघाले. बाजारपेठेतून जाणारा रस्ता म्हणजेच देवगड-निपाणी राज्यमार्ग. सवयीने मी मान वर केली.

"वर काय बघतंस मेल्या, मागे बघ!"

दाजीपूरकडून घाट उतरून आलेला ट्रक तापलेल्या ब्रेकचा वास सोडत माझ्या कोपराजवळून गेला. मुंबईत वर आणि खाली बघायचं असतं, इथे मागे. हे शास्त्र कुठल्याच माहितीपत्रकात छापलेलं नाही.

मामांची माहिती मात्र अस्सल. "हंयसर बैलगाड्यो सुटायच्यो." तिथे मोबाइलचं दुकान. "थंय मोठो आंबो होतो." तिथे विजेचा खांब. "ह्या तुझ्या आज्याचा बसाचा ठिकाण." तिथे काहीच नव्हतं, तेवढंच जसंच्या तसं राहिलं असावं. मला काळा घोडा आठवला आणि मी निमूट मान डोलावली.

पण चालायला कोणी दिलं तर ना! दर वीस पावलांवर दुकानातून हाक: "कोणाचो रे तू?" मामांनी ओळख सांगायची, मग समोरच्याने माझ्या आईचं लग्न, जेवणावळ आणि त्या दिवशीचा अवकाळी पाऊस यांची माहिती द्यायची. फोर्टात दोन तासांत एका माणसाने मला नाव विचारलं नव्हतं. इथे माझं स्वतःचं नाव कोणालाच नको होतं, आजोबांचं हवं होतं. बसायला मात्र प्रत्येक फळीवर जागा. सावली दुकानाच्या पडवीची. स्वच्छतागृह हवं असेल तर कोणाच्या तरी घरी जावं लागतं, आणि घरी गेलं की जेवल्याशिवाय सुटका नाही. मी दोनदा जेवलो.

अर्ध्या किलोमीटरला साडेतीन तास लागले. चार चहा, दोन कोकम सरबतं, पिशवीभर काजू, आणि एका आजीने माझ्यासाठी सुचवलेली मुलगी. माझं लग्न होऊन अकरा वर्षं झाली आहेत, हे सांगितल्यावर आजी म्हणाल्या, "मगे बायलेक कित्याक हाडूक नाय?"

तेव्हा कोणाला यायचं असेल तर पहाटे सहाला या. ट्रक कमी असतात. टोपी, पाण्याची बाटली, पैसे काहीच लागणार नाही. आजोबांचं नाव मात्र पाठ करून या.