गाडीला फिरवून आणा

पिकअप पिकअप घेत नाही, असं मी घरी सांगितलं तेव्हा बायकोला तो विनोद वाटला. पोटभर हसून झाल्यावर ती म्हणाली, 'मग गाडीचं नाव बदला.' तेव्हापासून ही तक्रार मी घराबाहेरच मांडतो. बसा तुम्ही, चहा सांगितलाय. प्रकरण गंभीर आहे आणि मुळापासून सांगावं लागेल.

मी कोनचा. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालात की पळस्पे फाटा सुटल्यावर आमचं गाव लागतं. धंदा वीस लिटरच्या पाण्याच्या जारचा. एका खेपेला 65 जार, म्हणजे तेराशे किलो पाणी. जिथे भाताची खाचरं होती तिथे आता टॉवर आहेत, आणि टॉवरमधली माणसं तहानलेली आहेत. माझी एक फेरी नऊ किलोमीटरची. तिला तीन तास लागतात. गेटवर वॉचमनच्या वहीत नाव, वेळ, गाडी नंबर, सही. मग स्पीडब्रेकर. मग बी विंग. जार उतरतात तोवर इंजिन चालूच. मग पुन्हा वॉचमन, कारण बाहेर जाण्याची वेळ वेगळ्या रकान्यात लिहायची असते.

माझी जुनी पिकअप 2011 ची, बीएस थ्री, म्हणजे भारत स्टेज तीन. पहाटे चालू केली की शेजारच्या काकू दोरीवरचे कपडे काढायला धावत. ती धूर सोडायची, मान्य आहे, पण तिच्यात लपवाछपवी नव्हती. जे आत जळत होतं ते बाहेर दिसत होतं. आठ वर्षं झाल्यावर तिला पर्यावरण कर लागू झाला आणि दरवर्षी पासिंग आलं. शेवटी मी ती विकली आणि कर्ज काढून नवीकोरी बीएस सिक्स घेतली. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर ते वॉरंटीत बसणार नाही.

पहिले चार महिने सुखाचे गेले. सायलेन्सरमध्ये बोट घालून बाहेर काढावं तर बोट पांढरं. शेजारच्या काकूंनी कपडे दोरीवरच ठेवायला सुरुवात केली. आणि एके दिवशी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. त्यात एक डबा काढलेला आणि डब्यात ठिपके. मला वाटलं, साबुदाणा.

चालवत राहिलो. तीन दिवसांनी पळस्पे फाट्याच्या चढावर, पाठीवर 65 जार असताना, गाडीने ठरवलं की आता पुरे. ॲक्सिलेटर पूर्ण दाबला तरी इंजिन ऐकल्यासारखं करी आणि आपल्याच गतीने चाले. डाव्या बाजूने एक ॲक्टिव्हा पुढे गेली. तिच्यावर तिघं होते आणि मधल्याच्या मांडीवर गॅस सिलिंडर.

मेकॅनिकने लॅपटॉप जोडला, पडद्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, 'शेठ, काजळी साचलीय. लिंपमध्ये, म्हणजे लंगड्या चालीवर गेलीय गाडी. फिरवून आणा तिला.'

'रोज फिरते की.'

'तसं नाही. पळवा. साठच्या वर, वीस मिनिटं, मध्ये न थांबता. वजन उतरवून गेलात तरी चालेल.'

अगदी हेच मला मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले होते. फरक एवढाच, की मला पायी जायला सांगितलं होतं आणि वाटेत टोल नव्हता.

आता हे असं का, ते मी समजून घेतलं आहे. त्रास आपल्याला आहे म्हटल्यावर त्याची तांत्रिक बाजू माहीत असावी. डिझेल भरपूर हवेत, कडक तापून जळलं की ताकद मिळते आणि ॲव्हरेजही मिळतं. पण तेवढ्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन जवळ येतात आणि त्यांच्यापासून नायट्रोजनची ऑक्साइडं होतात, ती आपल्या छातीला वाईट. म्हणून ईजीआर नावाचा एक व्हॉल्व्ह बाहेर निघालेला जळका वायू थोडा परत इंजिनात ढकलतो. आग थंडावते, नायट्रोजनचं प्रकरण मिटतं. पण थंड आगीत डिझेल धड जळत नाही, त्यामुळे काजळी वाढते. मग काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ बसवतात. मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा, त्यातल्या भोकांची तोंडं आळीपाळीने मुद्दाम बुजवलेली. धुराने भिंतीतून झिरपून जावं आणि काजळी मागे ठेवावी, अशी अपेक्षा. म्हणजे आधी इंजिनाला त्याचाच धूर परत प्यायला लावायचा आणि वर त्याच्या नाकाला फडकं बांधायचं. एवढं करून त्याने तेराशे किलो पाणी ओढायचं, तेही हसतमुखाने.

बरं, साचलेल्या काजळीचं काय? ती जाळावी लागते. त्यासाठी डीपीएफमध्ये साधारण 600 अंश तापमान हवं. सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर 600 अंश फक्त माझं डोकं तापतं. गाडी सलग पळाली तरच ते जमतं, आणि तेव्हाही इंजिन थोडं जास्तीचं डिझेल उशिरा सोडून सायलेन्सर तापवतं. हे डिझेल चाक फिरवत नाही, जार ओढत नाही. ते निव्वळ कचरा जाळायला जातं. आणि तेही सगळं जात नाही. जाळण्याचं काम अर्धवट राहिलं की त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. परवा मी ऑइलची पट्टी काढून पाहिली, तर पातळी वर गेलेली. तीस वर्षं गाड्या वापरतोय. ऑइल कमी होतं, काळं होतं, गळतं, हे सगळं पाहिलं. वाढलेलं पहिल्यांदाच पाहिलं. क्षणभर वाटलं, बरकत आली. मेकॅनिक म्हणाला, 'वाढलंय म्हणजे वाया गेलंय. बदला.'

कोणी म्हणेल, हा माणूस शुद्ध हवेच्या विरोधात आहे. मुळीच नाही. मी डॉ. रघुनाथ माशेलकरांना मानतो. त्यांच्याच समितीच्या शिफारशींवरून 2003 साली देशाचं वाहन-इंधन धोरण ठरलं आणि भारत स्टेजच्या इयत्ता लागल्या. तिथून पुढे सगळं क्रमाने चाललं होतं. 1 एप्रिल 2017 ला आख्खा देश चौथीत गेला. पण त्याआधीच, जानेवारी 2016 मध्ये, नितीन गडकरींनी जाहीर केलं होतं की पाचवी घ्यायचीच नाही, 2020 ला एकदम सहावी. सर्वोच्च न्यायालयानेही 2018 साली सांगून टाकलं, की 1 एप्रिल 2020 पासून बीएस फोर विकायची नाही. आमच्या शाळेत एक मुलगा असाच चौथीतून सहावीत घेतला होता. फार हुशार होता. पुढे वर्षभर त्याला दम लागायचा.

आकडे पाहा. डिझेल कारने किलोमीटरमागे 250 मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडलं तरी चौथीत चालायचं, सहावीत 80. काजळीचे कण 25 मिलिग्रॅमवरून साडेचारवर. पिकअपला थोडी सूट आहे, पण पट्टी तीच. डिझेलमधलं गंधकसुद्धा दहा लाख भागांत 50 होतं, ते 10 वर आणलं. ह्या सगळ्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. कागदावर ताकदही कमी झालेली नाही. माहितीपत्रकात माझ्या गाडीची अश्वशक्ती जुनीपेक्षा जास्तच छापली आहे. घोडे वाढले आहेत. फक्त ते पिवळा दिवा लागला की संपावर जातात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मालवाहू गाडीने ताशी 80 च्या वर जाऊ नये म्हणून सरकारने वेगनियंत्रकाचा नियम केला. गाडीने 60 च्या खाली रेंगाळू नये, असं माझा डीपीएफ म्हणतो, आणि त्याच्या पाठीशीही सरकारच आहे. आणि 20 च्या वर जाता येणार नाही, याची व्यवस्था रस्त्यांनी केलेली आहे. तिघांचं आपापसात बोलणं झालेलं नाही. हा पत्रव्यवहार माझ्या बोनेटखाली चालतो आणि त्याची पोच पिवळ्या दिव्याने मिळते.

तुम्ही म्हणाल, पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या दिशेने का नाही जात? जाऊन आलो. त्या महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर, 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं. म्हणजे माझी जुनी पिकअप आणि ते काम एका वयाचे. पिकअप आयुष्य जगून, कर भरून, विकलीही गेली. मी कर्नाळ्यापर्यंत गेलो आणि दिव्यासकट परत आलो.

म्हणून मी जुन्या हायवेने चौकपर्यंत जातो. आठवड्यातून एकदा, पहाटे पाचला, रिकामी गाडी घेऊन, शेडुंगचा टोल भरून. जाऊन-येऊन तीस किलोमीटर. जुनी गाडी लिटरला 14 द्यायची, ही 12 देते. म्हणजे आठवड्याला अडीच लिटर डिझेल केवळ गाडीने हवा खावी म्हणून जातं. प्रदूषण कमी करण्यासाठी मी दर आठवड्याला तीस किलोमीटर जास्त गाडी चालवतो, हे मी सगळ्यांना सांगतो. कोणी टाळ्या वाजवत नाही.

आमचे साडू मात्र मजेत आहेत. त्यांचा ट्रेलर न्हावा शेवा बंदरात चालतो. त्याला निळ्या झाकणाची दुसरी टाकी आहे, डीईएफची. साडेबत्तीस टक्के युरिया आणि उरलेलं शुद्ध पाणी. ते धुरात फवारलं की नायट्रोजनचा निकाल बाहेरच्या बाहेर लागतो, त्यामुळे इंजिनाला मनसोक्त तापू देता येतं आणि डिझेल वाचतं. पण टाकी रिकामी झाली की त्यांचंही इंजिन मान टाकतं. 2021 साली चीनने युरियाची निर्यात आवळली तेव्हा दक्षिण कोरियातले ट्रकवाले याच पाण्यासाठी रांगा लावून उभे होते. मला त्यातलं दुसरंच लागलं. साडू दोन-तृतीयांश पाणी असलेली वस्तू बादलीने विकत घेतात आणि भावाबद्दल चकार शब्द काढत नाहीत. मी शंभर टक्के पाणी देतो, आणि बी विंगवाल्या वहिनी पाच रुपयांसाठी घासाघीस करतात.

मेकॅनिकने एक दिवस गॅरेजच्या आतल्या बाजूला बोलावून हळूच विचारलं, 'शेठ, पोकळ करून देऊ का? आतली जाळी काढतो, सॉफ्टवेअर मारतो. दिवा जन्मात लागणार नाही.' मी वाचून आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने 2020 मध्ये हिशेब मांडला, तर दहाएक वर्षांत साडेपाच लाखांवर डिझेल पिकअप अशा पोकळ केलेल्या निघाल्या. फोक्सवॅगनने तर वेगळाच मार्ग काढला होता, तो 2015 साली उघडा पडला: परीक्षा चालू आहे हे गाडीला कळायचं आणि ती तेवढ्यापुरती सज्जन व्हायची. म्हणून आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून नव्या गाड्यांची परीक्षा प्रयोगशाळेबरोबर खऱ्या रस्त्यावरही घेतात. ती कोनच्या रस्त्यावर घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे. बी विंगच्या गेटवर, वहीत सही करून.

मी मेकॅनिकला नाही म्हटलं. तत्त्वासाठी म्हटलं, असं तुम्ही समजलात तर माझी हरकत नाही. शेजारच्या काकूंचे कपडे पुन्हा काळे झाले असते, आणि काकू माझ्या बायकोशी रोज बोलतात.

त्यामुळे पहाटेची फेरी चालू आहे. परवाचीच गोष्ट. चौकहून परतलो, गावात शिरलो, टपरीसमोर आलो, तरी दिवा जाईना. दोन मिनिटांत जाईल, असं वाटत होतं. मेकॅनिकने बजावलेलं, काजळी जळत असताना इंजिन बंद करायचं नाही, नाहीतर पहिल्यापासून. म्हणून गाडी बाजूला लावली, इंजिन चालू ठेवलं आणि कटिंग हातात घेतला. खालून गरम हवा येत होती, पंखा जोरात फिरत होता. तेवढ्यात टॉवरमधले एक सद्गृहस्थ मॉर्निंग वॉक करत आले. पांढरे बूट, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. त्यांनी काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं.

'अहो, गाडी बंद करा जरा. प्रदूषण होतं.'

मी त्यांना ईजीआर सांगू शकलो असतो. 250 आणि 80 सांगू शकलो असतो. पण ते बी विंगचे. महिन्याला बारा जार.

मी चावी फिरवली. दिवा आता कायमचा लागलेला आहे. आज पुन्हा चौक. येता का? परतीला चहा मी पाजीन, पण तो चालत्या गाडीत प्यावा लागेल.