प्लॅस्टिकचा बुश : नवशिक्यांसाठी चित्रांशिवाय मार्गदर्शन

मोटारसायकलच्या मागच्या सस्पेन्शनमधली नीडल बेअरिंग काढून तिथे घरी बनवलेले प्लॅस्टिकचे बुश बसवणे कोणालाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी लागतात पान्यांचा सेट, हातोडा, व्हर्निअर, एक मोकळा रविवार आणि बेअरिंगच्या दुकानासमोरून मान खाली घालून जाण्याची सवय.

आधी रोगनिदान. गाडी डबल स्टँडवर लावा आणि मागचे चाक हाताने हलकेच वर उचला. शॉकअप दबण्याआधीच चाक जरा वर येऊन ‘टक्’ झाले, तर लिंकेजमध्ये, म्हणजे चाक आणि शॉकअप यांच्यामधल्या दांड्यांत, प्ले आलाय. चिमटा, म्हणजे कंपनीच्या पुस्तकातला स्विंग आर्म, डावीकडे-उजवीकडे हलला तर त्याच्या एक्सलवरचे बेअरिंग गेले. हा फरक नीट समजून घ्या. लिंकेजमधला प्ले खड्ड्यात कुरकुरतो; चिमट्यातला प्ले ऐंशीच्या वेगाला मागच्या चाकाला स्वतंत्र विचार करायला शिकवतो. म्हणून हे मार्गदर्शन फक्त लिंकेजपुरते आहे. चिमट्याच्या एक्सलवरचे प्रयोग या विषयाला लेखक मिळत नाहीत.

लिंकेज ही जुनीच चीज. बेल्जियमच्या लुसियन टिल्केन्स यांच्या कल्पनेवरून यामाहाने १९७३ मध्ये मोटोक्रॉसच्या गाडीला मागे एकच शॉकअप लावला. पुढे १९८० च्या आसपास कावासाकीचे युनि-ट्रॅक, होंडाचे प्रो-लिंक, सुझुकीचे फुल फ्लोटर आले आणि चाक व शॉकअप यांच्यामध्ये दांड्या आणि रॉकर बसले. त्यामुळे चाक जितके वर जाईल तितका शॉकअपचा विरोध वाढत जातो. आपल्याकडे २०१६ च्या हिमालयनलाही असे लिंकेज होते. सगळी व्यवस्था अत्यंत हुशारीची, फक्त बसवलेली असते मागच्या चाकाच्या तोंडाशी. ताम्हिणी घाटातला सगळा चिखल आधी तिला भेटतो.

त्यात नीडल बेअरिंग बिचारे गोल फिरण्यासाठी जन्मलेले. इथे ते आयुष्यभर थोड्याशा अंशांत डुलत बसते. सुया त्याच त्या जागी दाब देतात, ग्रीस बाजूला सरकते, पाणी शिरते आणि आतल्या स्लीव्हवर बारीक खाचा पडतात. अशा ठिकाणी साधा बुश घालणे यात वेडेपणा काहीच नाही. यामाहा एक्सएस ६५० च्या चिमट्यात तर कंपनीनेच प्लॅस्टिकचे बुश घातले होते. मालकांनी ते काढून ब्रॉन्झचे बसवले. तुमची वारी उलटी निघाली आहे, इतकेच.

आता बेअरिंग काढा. गंजलेले कवच सहज निघत नाही. बाहेरून गरम करा, योग्य मापाचा सॉकेट टेकवून ठोका. सुया पार्किंगभर पसरतील, पसरू द्या. कवच हातात आले की त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत एक आकडा दिसेल, उदाहरणार्थ ‘एचके २२२०’. तो वाचू नका. वाचलात तर कळेल की आतला व्यास २२, बाहेरचा २८ आणि रुंदी २० मिलिमीटर असलेले हे प्रमाणित बेअरिंग आहे, ते कारखान्यांतल्या यंत्रांतही बसते आणि नाना पेठेत काउंटरवर नुसता आकडा सांगून मागता येते. या टप्प्यावर अनेक होतकरू लोक वाया गेलेले आहेत.

साहित्याची निवड. पहिला मोह पीव्हीसी पाइपचा होतो, कारण तो गच्चीवर उरलेला असतो. नको. कॅरमचा स्ट्रायकर कडक दिसतो, पण खड्ड्यात तडकेल. भाजी कापायचा पांढरा पाट चांगला घसरता असतो. मात्र सततच्या भाराखाली हळूहळू चेपतो, शिवाय घरात चौकशी सुरू होते. टेफ्लॉन तर नुसत्या दाबानेच जागा सोडून पसरते. राहिले दोन: नायलॉन आणि डेल्रिन, म्हणजे ॲसिटल. पैकी नायलॉन स्वस्त, रॉडमध्ये सहज मिळणारे, आणि पाण्याचे व्यसनी. नायलॉन ६ पाण्यात ठेवले तर कालांतराने वजनाच्या नऊ टक्क्यांपर्यंत पाणी पिते आणि फुगते. मे महिन्यात लोण्यासारखे चालणारे लिंकेज आषाढात गच्च बसते. गाडी मागून जुन्या एसटीच्या शेवटच्या बाकासारखी आदळू लागते. ॲसिटल एक टक्काही पीत नाही. तेच घ्या.

मग लेथ. कोल्हापुरात असाल तर उद्यमनगर, पुण्यात भोसरी. लेथवाले काका रॉड हातात घेऊन विचारतील, “कशाचं आहे हे?”

“गाडीचं. लिंकेजचा बुश.”

“मग बेअरिंग का घालत नाही?”

“ते टिकत नाही हो.”

“ग्रीस कधी भरलं होतं?”

इथे विषय बदलावा. पावसाविषयी बोलावे.

काका बाहेरचा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा ठेवतील, म्हणजे बुश दाबून घट्ट बसेल. आतले माप मात्र आधी अंतिम करायचे नाही. पातळ भिंतीचा प्लॅस्टिकचा बुश घट्ट भोकात दाबला की बाहेरून जेवढा आवळला जातो, जवळजवळ तेवढाच आतून लहान होतो. म्हणून आधी दाबून बसवा, मग आतून रीमर फिरवा, आणि स्लीव्ह बोटाने फिरेल पण लटपटणार नाही इतकीच जागा ठेवा. धातूच्या बुशच्या सवयीने ठेवाल त्याहून जरा जास्तच लागते, कारण तापल्यावर ॲसिटल पोलादाच्या आठेक पट प्रसरण पावते आणि सायलेन्सर तिथून फार लांब नसतो. आतल्या स्लीव्हवर खाचा असतील तर नवी स्लीव्ह घ्या. नाहीतर ती नव्या बुशला कानशीसारखी खाईल. ती मिळते कुठे, तर बेअरिंगच्या किटमध्ये, बेअरिंगसकट. हा तपशील घरच्यांना सांगायची गरज नाही.

बुश आत जात नसेल तर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. डब्यावर चिठ्ठी लावा. थंड बुश आकसतो आणि वाइसमध्ये हळू दाबल्यावर सरळ जातो. हातोडा मारू नका, तिरका गेला की संपले. जुनी ऑइल सील काढून नवी लावाच, कारण चिखलातली वाळू प्लॅस्टिकमध्ये रुतून बसते आणि तिथून पुढे स्टीलची स्लीव्ह कापत राहते. बोल्ट टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्यापर्यंत आवळा. पान्याला नळी लावून दोघांनी लोंबकळणे म्हणजे टॉर्क नव्हे.

चाचणी गल्लीत घ्या, घाटात नको. स्पीडब्रेकरवर दोनतीनदा जाऊन पुन्हा चाक उचलून बघा. टक् आवाज नसेल आणि मागचा भाग दाबल्यावर अडखळत नसेल, तर बुश बसला. लगेच मित्राच्या गाडीकडे आशेने पाहू नका. एक पावसाळा जाऊ द्या.

जुन्या बेअरिंगचे कवच फेकू नका. पुढच्या वेळी काका माप मागतील तेव्हा द्यायला लागेल. कडेवरचा आकडा तेवढा पॉलिश पेपरने घासून टाका.