कोपऱ्यावरच्यांची पोरगी शिकते तरी काय?

"काय व वहिनी, मेथी निवडून राहिल्या का?"

"हो ना अक्का. या ना अलीकडे, चहा टाकते."

"नको माय, भिंत मधे आहे तेच बरं. आत आले की दोन तास मोडतात. बरं, कळलं का? कोपऱ्यावरच्यांच्या पोरीने पुण्याच्या कंपनीला नाही म्हटलं."

"अग्गो! लागलेली नोकरी सोडली?"

"नोकरी नाही हो. एम.सी.ए.चं शेवटचं सेमिस्टर आहे तिचं. जानेवारीपासून कुठे तरी बसून प्रोजेक्ट करायचा असतो. वर्गातली पोरं बॅगा भरून हिंजवडीला निघाली. ही म्हणते, मी एमआयडीसीतल्या दालमिलमध्ये करते."

"म्हणजे बी.कॉम. झाल्यावर टॅलीवर बसायची तीच मिल?"

"तीच. बाप असला तापला म्हणता! दोन वर्षं शिकवलं ते परत त्याच पोत्यांशेजारी बसायला का, म्हणे."

"त्यांचंही खरं आहे. आणि अक्का, ती शिकते तरी काय नेमकं? माझ्या जावेनं स्थळ आणलं होतं तिच्यासाठी. पोराकडच्यांनी विचारलं, इंजिनिअर का? नाही म्हटलं. मग सी.ए. का? तेही नाही. शेवटी मी सांगितलं, कॉम्प्युटरचं काही तरी. तर ते म्हणे, तसा क्लास तर आमच्या गल्लीतही आहे."

"हात् तुमच्या! मला हाक मारायची होती. कॉलेजच्या खिडकीवर जन्म गेला माझा. 1990 च्या पंधरा ऑगस्टला आपलं विद्यापीठ झालं, त्याच्या आधी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली. डुप्लिकेट मार्कशीट हवी तर पुण्याची गाडी धरा. तेव्हापासूनच्या डिग्र्यांची नावं बदलताना बघितली मी. आधी एम.सी.एम. होतं, मास्टर इन कॉम्प्युटर मॅनेजमेंट. एम.बी.ए.वाले एम.बी.ए.तच सिस्टिम्स घेतात. एम.सी.ए. तीन वर्षांचं होतं, ते 2020-21 पासून दोन वर्षांचं झालं. परदेशात याला बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स म्हणतात. काम मात्र एकच. गल्ल्यावरच्या माणसाला काय हवं ते कॉम्प्युटरवाल्याला कळत नाही, आणि कॉम्प्युटरवाला काय बोलतो ते गल्ल्यावरच्याला कळत नाही. या दोघांच्या मधे उभं राहणारं माणूस."

"म्हणजे दलाल!"

"म्हणा दलाल. दलालाशिवाय जळगावात कोणता माल हलला आजवर?"

"पण बी.कॉम.वालीला एम.सी.ए.ला घेतात का हो? ते सायन्सवाल्यांचं ना?"

"बारावीला एस.पी. म्हणजे सेक्रेटरिअल प्रॅक्टिस सोडून मॅथ्स घेतलं होतं तिने. ते असलेलं बरं असतं. तेव्हा मैत्रिणी हसल्या होत्या, कॉमर्सला कशाला गणित म्हणून. तेच गणित सीईटीला कामी आलं. आणि फीचं ऐकलं का तुम्ही? 2024-25 पासून मुलींना सवलत आहे. उत्पन्न आठ लाखांच्या आत, ईडब्ल्यूएस, एसईबीसी नाही तर ओबीसीत बसत असेल आणि प्रवेश कॅप राउंडमधून असेल, तर शिक्षण फी अन् परीक्षा फी सरकार भरतं. बापाला नाही म्हणायला तोंडच राहिलं नाही."

"म्हणून तयार झाले होय! मी म्हणत होते, एवढे उदार कधीपासून झाले."

"उदार? जर्मनीची गोष्ट निघाली तेव्हा बघायचं होतं. तिच्या आत्याबाई आहेत ना धुळ्याच्या, देवपुरातल्या? त्यांच्या शेजारचा पोरगा म्युन्स्टरला आहे. तिथल्या विद्यापीठात इन्फर्मेशन सिस्टिम्सची एम.एस्सी. इंग्रजीतून चालते. जर्मनीत हा विषय आपल्यासारखा नवा नाही, चाळीस-पन्नास वर्षांपासून त्याचे वेगळे विभाग आहेत. आत्याबाईंनी फोनवर सांगितलं, तिकडे फी नसते म्हणून. झालं, पोरगी रात्रभर जागी."

"फी नाही म्हटल्यावर काय अडचण होती मग?"

"सगळीकडे नाही असं नाही. एका राज्यात बाहेरच्या देशातल्या पोरांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतात. म्युन्स्टर त्यात नाही म्हणा. पण व्हिसासाठी खात्यात 11,904 युरो आधी अडकवून दाखवावे लागतात, महिन्याला 992 सुटतात. वर डिग्री खरी असल्याचं ते एपीएसचं सर्टिफिकेट. आणि बी.कॉम.मध्ये कॉम्प्युटरचे विषय किती, त्याचे क्रेडिट मोजतात. ते कमी भरले. बापाने युरोचे रुपये केले, आकडा दहा लाखांच्या वर गेला तसा कॅल्क्युलेटरच बंद केला."

"मग इथलीच, बांभोरीच्या कॉलेजची वाट."

"हो. आणि मला विचाराल तर बरं झालं. जर्मनी वाईट म्हणून नाही. पण या पोरीचं डोकं चालतं ते पोत्यांकडे बघून. आमचे धाकटे दीर त्या मिलमध्ये मुनीम, हे माहीत आहे ना तुम्हाला? ते रोज संध्याकाळी येऊन माझ्यासमोर कपाळ धरतात."

"का व? काय केलं तिने?"

"पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडलाच नाही. सकाळी काट्यावर जाऊन उभी राहिली. ट्रक आला, वजन झालं, चिठ्ठी फाटली. ती चिठ्ठी कुठे जाते ते बघत तिच्या मागे फिरली. चिठ्ठी गेली हमालाच्या खिशात, तिथून गोडाऊनच्या खिळ्याला, खिळ्यावरून दुपारी दिरांच्या टेबलावर, आणि टॅलीत पडली रात्री आठला. तोवर निम्मी तूर रोलरवरून उतरलेली."

"मग रोज तसंच चालतं ना?"

"चालतं. म्हणून तर शेठ आणि दीर दर मार्चला भांडतात. असं बघा, शंभर किलो तुरीची दाळ निघते सत्तर-पंच्याहत्तर किलो. बाकी चुनी, टरफल, तुकडा. सगळं तोललं तरी शंभर भरत नाही. का? तूर घासतात, तेल लावून ढीग मारतात, गच्चीवर वाळवतात, पाणी मारून परत वाळवतात. ओल उडून जाते. ती घट. मार्च आला की शेठ म्हणतो, माल गेला कुठे? दीर म्हणतात, उन्हात गेला. शेठला वाटतं, हमालांनी नेला. पोरीने दिरांना विचारलं, काका, घट तुम्ही कुठे लिहिता? तर म्हणे, डोक्यात."

"हाहा! खरंच असं म्हटले?"

"तोंडावर. तिने कॅलेंडरच्या मागच्या पानावर चौकोन काढले, बाण काढले. काट्यावर एकदा वजन, वाळवणीवरून उतरताना दुसऱ्यांदा वजन, मधला फरक त्याच दिवशी नोंदवायचा. बस्. तेवढ्यावर दिरांची झोप उडाली. त्यांना वाटतं, ही आपली खुर्ची घेते."

"घेणार नाही का पण?"

"खुर्ची कसली घेते! उलट त्यांच्याशिवाय तिचं पान हलत नाही. परवाच बघा. 18 जुलै 2022 पासून पंचवीस किलोपर्यंतच्या लेबलवाल्या पिशवीला 5 टक्के जीएसटी लागतो, त्याहून मोठ्या कट्ट्याला लागत नाही. दाळ तीच, पिशवी बदलली की बिल बदललं. दीर तापाने घरी होते त्या दिवशी त्यांच्या हाताखालच्या पोराने तीस किलोच्या कट्ट्याला कर लावून बिल पाठवलं. तिकडून व्यापाऱ्याची शिवीगाळ. आता ही म्हणते, पिशवीचं वजन टाकलं की कर आपोआप यायला हवा, माणसाच्या तापावर नको."

"शहाणी आहे हो. खेड्यावर मी बघितलं, डेअरीत दूध घातलं की लिटर, फॅट, भाव, सगळं चिठ्ठीवर छापून हातात येतं. एका म्हशीवाल्या बाईला जे कळतं ते या शेठला कळत नाही?"

"शेठला कळलंय. परवा आला होता केबिनमधून बाहेर, कॅलेंडर उलटं धरून बघत होता. मग म्हणे, हे चण्यालाही चालेल का? बापाला हे सांगितलंय मी. त्याचा पारा थोडा उतरला. पण आता त्याचं दुसरंच निघालं, कॅम्पसला पुण्याच्या कंपन्या येतील तेव्हा ही काय सांगणार, मी पोती मोजली?"

"तेच सांगावं की. बाकीच्यांचे प्रोजेक्ट काय असतात, मला माहीत आहे. माझ्या भाच्याने लायब्ररीचं सॉफ्टवेअर केलं होतं. आधीच्या पोरांनीही तेच केलेलं, नावं बदलून."

"बघा! मी खिडकीवर बसून तशी काळी बाइंडिंग गठ्ठ्याने घेतलीत. आतलं पान कोण उघडतो? कोणी एम.सी.ए. म्हणो की एम.बी.ए., मी तर पोरांना एवढंच सांगायचे, बाबा रे, सिलॅबस वाच, आणि शेवटचं सेमिस्टर कुठे घालवायचं ते आधी ठरव. कोणी ऐकलं नाही. हिने मला विचारलंही नव्हतं, तरी बरोबर केलं."

"स्थळाचं काय करू पण मी? जाऊबाई रोज फोन करतात."

"पोरगा काय करतो?"

"चोपड्याला केळीचं पॅक हाऊस आहे."

"मग सांगा त्यांना, ही आली तर घड किती आले आणि पेट्या किती गेल्या याचा मेळ बसेल. नुसतं कॉम्प्युटर म्हणाल तर हातचं स्थळ जाईल."

"अक्का... तो सीईटीचा फॉर्म केव्हा निघतो हो?"

"परीक्षा मार्चात असते, फॉर्म त्याच्या आधी. आता निघेलच. का? कोणासाठी?"

"सहज. आमच्या सूनबाईचं बी.कॉम. झालंय ना."

"बारावीला मॅथ्स होतं की एस.पी.?"

"विचारते रात्री. पण यांच्या कानावर एवढ्यात जाऊ देऊ नका हं."

"काहीही काय! माझ्या पोटातून कधी बाहेर पडलंय का काही?"