बाळाची मान

गेल्या जूनमधली शुक्रवारची संध्याकाळ. कॉर्कमध्ये जूनची संध्याकाळ रात्री पावणेदहापर्यंत रेंगाळते. आठ वाजता शेजारच्या मावशींची कुंपणापलीकडून हाक आली, तेव्हा मी चक्क कपडे वाळत घालत होते. आयर्लंडमध्ये दोरीवर कपडे वाळत घालणं हा श्रद्धेचाच भाग आहे.

"अगं गर्ल, इकडे ये जरा. बाळाला बाहेर ठेवायचंय आणि माझी कंबर धरलीय."

कॉर्कमध्ये बायकांना वयाची अट न घालता 'गर्ल' म्हणतात. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनाही पोस्टमन गर्लच म्हणतो. मी त्यांना तोंडावर नावानेच हाक मारते, इथली रीतच तशी. पण मनात आणि मराठीत त्या मावशीच आहेत.

तर हे बाळ म्हणजे प्रागचा बाळयेशू. जुन्या आयरिश घरांत खिडकीत नाहीतर जिन्याच्या वळणावर त्याची मूर्ती असते. लाल झगा, डोक्यावर मुकुट, एका हातात पृथ्वीचा गोळा आणि दुसरा हात आशीर्वादाला वर. घरात लग्न असलं की आदल्या रात्री त्याला बागेत, झुडपाखाली नेऊन ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी पाऊस पडत नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा नवरा हसला. मी हसले नाही. निकालाच्या दिवशी देव पाण्यात घालून बसणाऱ्या आईच्या पोटी मी जन्मले आहे. आमच्याकडे देवाला पाण्यात बुडवतात, हे पावसात उभा करतात. देवाला थोडी अडचण झाल्याशिवाय तो मनावर घेत नाही, यावर दोन्हीकडे एकमत दिसतं.

मावशींच्या नातीचं लग्न होतं. नात एका मुलीशी लग्न करत होती. चर्च असली लग्नं लावत नाही, म्हणून समारंभ हॉटेलात. म्हणजे लग्नाला चर्चतर्फे हजर असणारा एकटा हा बाळच.

यात विसंगती आहे असं मावशींना वाटत नव्हतं. मलाही आता वाटत नाही, पण ते समजायला मला दहा वर्षं लागली. आले तेव्हा माझी समजूत अशी की देश एकतर धार्मिक असतो किंवा नसतो. इथे सहाच्या बातम्या सहा वाजून एक मिनिटाने लागतात, कारण आधीचं मिनिट घंटेचं. रेडिओवर ही अँजेलस प्रार्थनेची घंटा १९५० पासून वाजते आहे. आयरिश भाषेत कुणाला नमस्कार करायचा तर 'दिया ग्विच', म्हणजे देव तुझ्याबरोबर असो. उत्तर देणाऱ्याने देव आणि मेरी तुझ्याबरोबर असोत म्हणायचं. पहिल्याला पुन्हा बोलायचं असेल तर त्यात सेंट पॅट्रिक घालायचा. आपल्या 'रामराम'ला उत्तर म्हणून कुणी 'रामलक्ष्मण' म्हणावं, आणि त्यावर तिसऱ्याने सीतामाई जोडावी, तसा हा लिलाव. आणि याच देशात कॅथलिक म्हणवणाऱ्यांचं प्रमाण २०१६ च्या जनगणनेत ७९ टक्के होतं, ते २०२२ मध्ये ६९ वर आलं. रविवारी मिस्सेला गेलात तर बाकांवर पांढरी डोकी दिसतात, आणि वेदीवर बऱ्याचदा नायजेरियाचे किंवा केरळचे फादर. आमच्या पॅरिशमधले फादर केरळचे. ते माझे कुणीतरी लागतात अशी मावशींची पक्की खात्री आहे. मी खोडून काढणं सोडलंय.

मावशी स्वतः रविवारी जात नाहीत. २०१४ पासून नाहीत. त्या वर्षी गॉलवे काउंटीतल्या ट्यूम गावची बातमी जगभर गेली. कॅथरीन कॉर्लेस या बाईंनी चिकाटीने मृत्यूचे दाखले जमवले: अविवाहित आयांसाठी नन्स चालवत असलेल्या तिथल्या आश्रमात १९२५ ते १९६१ या काळात ७९६ मुलं दगावली होती, आणि त्यांच्या दफनाची नोंद कुठेच सापडत नव्हती. मावशींनी त्या रविवारी कोट घातला, बटणं लावली, पुन्हा काढली आणि कोट खुंटीला टांगला. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, बटाटे सोलता सोलता.

पण सणवारांशी त्यांचं भांडण नाही. संतांनी काय केलंय, असं त्यांचं म्हणणं. ३१ जानेवारीच्या रात्री त्या एक रुमाल बाहेर झुडपावर टाकून ठेवतात. त्या रात्री सेंट ब्रिजिड फिरायला निघते आणि कापडाला हात लावून जाते. मग वर्षभर डोकं दुखलं की तो रुमाल बांधायचा. ब्रिजिडची कथा मला फार आवडते. तिने राजाकडे मठासाठी जागा मागितली. तो म्हणाला, तुझा झगा पुरेल तेवढी घे. तिने झगा अंथरला तर तो पसरतच गेला आणि किल्डेअरचं अख्खं माळरान व्यापून बसला. आपल्याकडे तीन पावलांत त्रिभुवन मागणारा बटू पुरुष. इथे तेच काम एका बाईने कपड्यावर भागवलं. २०२३ पासून ब्रिजिडच्या नावाने सरकारी सुट्टी मिळते, बाईच्या नावाची इथली पहिली. माझ्या ऑफिसातले निम्मे लोक त्या सुट्टीला स्पेनला जातात. ब्रिजिडची हरकत नसावी. तिने आंघोळीच्या पाण्याची बिअर केल्याचीही कथा आहे.

लगेच ३ फेब्रुवारीला सेंट ब्लेझ, घशाचा संत. फादर दोन मेणबत्त्यांची फुली करून गळ्याशी धरतात आणि प्रार्थना पुटपुटतात. मी एकदा गेले होते, खोकला जात नव्हता म्हणून. मेणबत्त्या विझलेल्या असतात, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. मी मान इतकी मागे घेतली की मागच्या बाईंच्या टोपीला लागली.

६ जानेवारीला मात्र मी मनापासून कॉर्ककर असते. त्या दिवशी 'नोलिग ना मन', बायकांचा नाताळ. कॉर्क आणि केरीत हा सण नीट टिकून आहे. नाताळभर राबलेल्या बायका त्या दिवशी बाहेर जाऊन खातात-पितात आणि पुरुष घर सांभाळतात. माझ्या नवऱ्याने हा सण पहिल्या वर्षी मोठ्या उत्साहाने स्वीकारला आणि सात वेळा फोन केला. सातवा फोन हळद कुठे आहे म्हणून होता. ती त्याच्या हातात होती.

गुड फ्रायडेचंही एक सांगते. १९२७ च्या कायद्याने त्या दिवशी पब बंद असत. त्यामुळे गुरुवारी सुपरमार्केटात ट्रॉल्यांची जी रांग लागे, ती पाहून मला आपला ड्राय डेचा आदला दिवस आठवून भरून यायचं. २०१८ मध्ये बंदी उठली आणि ती रांग गेली. मावशींच्या मते त्या दिवसाची मजाच गेली.

माझा मुलगा दुसरीत होता तेव्हाची गंमत थोडी कडवट आहे. इथल्या दहांतल्या सुमारे नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली. एकेकाळी प्रवेश मिळावा म्हणून देव न मानणारे आईबापही पोराचा बाप्तिस्मा उरकून घेत. २०१८ च्या कायद्याने कॅथलिक शाळांपुरती ती अट निघाली. वर्ग मात्र तेच. इतर मुलं पहिल्या कम्युनियनची तयारी करत तेव्हा आमचा मागे बसून चित्रं रंगवायचा. त्याने त्या वर्षी एवढे डायनोसॉर रंगवले की शाळेला वाटलं असावं, हिंदू लोक यांनाच भजतात. त्याची तक्रार वेगळीच होती. कम्युनियनला मुलांना पाकिटं मिळतात, अंगणात हवेचा किल्ला येतो. त्याने माझ्या आईला फोनवर विचारलं, "आजी, आपला देव पैसे देतो का?" आई म्हणाली, "देतो रे, पण आधी घेतो."

या सगळ्यात हवामान कुठे नाही? १९९५ मध्ये घटस्फोटाला परवानगी द्यावी का, यावर सार्वमत झालं. 'हो' म्हणणारे जेमतेम नऊ हजार मतांनी जिंकले. त्या दिवशी पश्चिमेकडे, जिथे 'नाही'वाले जास्त, तिथे पाऊस होता आणि त्याने बरेच मतदार घरी बसवले, असं अजून सांगतात. मावशींच्या मते त्या बाजूच्या कुणीतरी बाळाला बाहेर ठेवायचं विसरलं. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला ६२ टक्के लोकांनी होकार दिला; तिथे पावसाला काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

२०१८ च्या मे महिन्यात गर्भपातावरची बंदी उठवावी का, यावर मतदान होतं. आदल्या संध्याकाळी मावशींनी विचारलं, "ती मुलगी तुमच्याकडचीच ना?" सविता हलप्पनवार बेळगावची, दातांची डॉक्टर. आमच्या गडहिंग्लजपासून बेळगाव दीड तासावर. २०१२ च्या ऑक्टोबरात गॉलवेमध्ये तिचा गर्भ टिकणार नाही हे दिसत असतानाही, ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला. हा कॅथलिक देश आहे, असं तिला ऐकवलं गेलं. जंतुसंसर्गाने ती गेली. एकतीस वर्षांची होती. मी मावशींना म्हटलं, हो, आमच्याकडचीच. दुसऱ्या दिवशी त्या चर्चमध्ये गेल्या, मिस्सा नसताना, रिकाम्या. तिच्या नावाने मेणबत्ती लावली, आणि तिथून तशाच शाळेत जाऊन 'हो'वर फुली मारून आल्या. त्या दिवशी ६६ टक्के लोकांनी तेच केलं. त्यांतल्या किती जणांनी वाटेत मेणबत्ती लावली असेल, हे मोजायची सोय नाही.

तर मी बाळाला उचलायला गेले. जिन्याखाली अंधार होता, मूर्ती प्लॅस्टरची आणि वाटली त्यापेक्षा जड. दाराच्या चौकटीत मुकुट अडकला, टक् असा बारीक आवाज झाला, आणि बाळाचं डोकं माझ्या हातात आलं.

माझ्या पोटात गोळा आला. आमच्याकडे मूर्तीचा टवका उडाला तरी ती पूजेतून जाते. खंडित देव घरात ठेवत नाहीत, थेट नदीवर नेतात. आणि इथे उद्या लग्न.

"अहो," मी म्हटलं, "माझ्या हातून..."

त्यांनी चष्मा वर केला, माझ्या तळहातावरचं ते मुकुटासकटचं डोकं पाहिलं, आणि कंबर विसरून उठल्याच.

"तुटलं? आपोआप?"

"धक्का लागला हो. मुद्दाम नाही."

"मुद्दाम चालतच नाही!" त्या म्हणाल्या. "मान तुटलेलाच खरा काम करतो. पण अपघातानेच तुटावी लागते. माझ्या लग्नात पाऊस, लेकीच्या लग्नात गारा. पन्नास वर्षं याची झाडपूस करतेय, एकदा पडला नाही मेला."

आम्ही धड झुडपाखाली उभं केलं आणि डोकं त्याच्या पायाशी ठेवलं. मी डिंकाचा विषय काढला तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कपडे काढायला निघून गेले. ते अर्थातच ओले होते.

सकाळी साडेदहापर्यंत रिपरिप. अकराला थांबली. दोन वाजता दोघी नवऱ्या हॉटेलच्या हिरवळीवर आल्या तेव्हा इतकं लख्ख ऊन होतं की केरळच्या फादरांचं, म्हणजे माझ्या त्या मानलेल्या नातेवाइकांचं, टक्कल चमकत होतं. ते लग्न लावायला आले नव्हते. फक्त जेवायला आले होते, असं त्यांनीच मला दोनदा सांगितलं.

मावशींनी मात्र टेबलाटेबलावर जाऊन सांगितलं की मान हिच्या हातून तुटली. त्याचा परिणाम असा की आमच्या गल्लीत सप्टेंबरात दोन लग्नं आहेत, आणि दोन्ही घरांतून मला निरोप आलाय. बाळ धडधाकट आहे म्हणे. जरा येऊन उचलून देशील का?