विंचवाची उजळणी
जीसीएसई या शालान्त परीक्षेला बसलेल्या मुलाची आई इंग्लंडात राहत असली, तरी उजळणीच्या दिवसांत वागते दादरच्या आईसारखीच. दूध, बदाम, आणि काहीतरी निमित्त काढून दारातून डोकावणं. या शतकाच्या पहिल्या दशकात तिकडच्या एक्यूए या परीक्षा मंडळाच्या इंग्रजीच्या पुस्तकात ‘वेगवेगळ्या संस्कृतींतल्या’ सोळा कविता होत्या. प्रश्नात एक कविता नेमून दिलेली असे, तिच्या जोडीची आपण शोधायची. थोडक्यात, एका बाजूचं स्थळ ठरलेलं आणि पत्रिका जुळवायचं काम पोरांकडे.

वेगवेगळ्या म्हणजे कुणापासून वेगळ्या, याचा खुलासा कुणी करत नसे. ग्लासगोच्या टॉम लेनर्डचीही कविता त्यात होती. म्हणजे परकी संस्कृती लंडनहून आगगाडीनं पाचेक तासांवर सुरू होत असावी.

आमचे चिरंजीव निसिम इझिकेलांची विंचवाची कविता मोठ्यानं वाचत होते. पाऊस, आईला झालेला दंश, शेजाऱ्यांची गर्दी, आणि एरवी बुद्धिवादी असलेले वडील, जे शेवटी तिच्या पायाच्या बोटावर पॅराफिन ओतून काडी लावतात. सासूबाई महाडच्या. मटार सोलता सोलता त्यांचा हात थांबला.

“अरे, मग बावस्करांकडे का नाही नेलं?”

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी 1980च्या दशकात प्राझोसिनच्या गोळीनं विंचूदंशाचे कितीतरी रुग्ण वाचवले. त्या पंचक्रोशीत हा प्रश्न अगदी सरळ आहे.

“आजी, कविता 1965च्या पुस्तकातली आहे.”

“मग बिचारे काय करणार!” म्हणत त्यांनी वडिलांना माफ केलं. शेजाऱ्यांना मात्र नाही. विषानं तुझी वासना जळो, पापं फिटोत, असं ते त्या तळमळणाऱ्या बाईला ऐकवतात ना! “आमच्या नाथांच्या भारुडात उलटं आहे,” त्या म्हणाल्या. “तिथे काम-क्रोध हाच विंचू. उतारा सत्त्वगुणाचा.”

पोरगा ताठ बसला. एकीकडे विष वासना जाळणार, दुसरीकडे वासना हेच विष! मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण हा शाळेनं दिलेला मंत्र. आजीकडे तिन्ही मटारासकट तयार. अशी तुलना मी तरी कुठल्या गाइडात पाहिली नाही. पण एकनाथ त्या सोळांत नव्हते, त्यामुळे त्यांचे गुण शून्य.

शेवटी जोडीला इम्तियाझ धारकरांची कविता ठरली: झोपडपट्टीत पाण्याचा पाइप फुटतो आणि माणसं भांडी घेऊन धावतात. इझिकेल मुंबईतच जन्मलेले, बेने इस्रायली. धारकरांचीही मुंबई कर्मभूमी. दोन संस्कृतींची तुलना करायला निघालेला मुलगा फिरून फिरून मुंबईतच राहिला. त्यानं कविता वाचली, प्रतिमांखाली रेघा ओढल्या, पाणी म्हणजे कृपा वगैरे समासात लिहिलं.

सासूबाईंनी शेवटची शेंग सोलली. “हंडे भरून झाले का रे सगळ्यांचे?”