जावईबापूंनी चेंबर उतरवला

कॅलगरी, फेब्रुवारी

ती. आप्पा आणि ती. आईस,


इकडे सगळे खुशाल. गाडी तेवढी खुशाल नव्हती. उभी राहील तिथे बर्फावर काळा डाग पडायचा. गॅरेजवाल्याने खाली डोकावून 'इंजिनाच्या तेलाचा चेंबर गळतोय' म्हणून सांगितलं आणि एक आकडा ऐकवला. त्याचे रुपये करू नका. सुरतेला उधन्याच्या गॅरेजात तेवढ्यात तुम्ही अख्खं इंजिन बांधून दिलं असतं. तुमचे जावई म्हणाले, "मिस्त्रीची पोर घरात असताना बाहेर कशाला पैसे घालायचे?" आणि पाने मात्र स्वतःच्या हातात घेतले.

पॅकिंग कुठलं घेतलं, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. आप्पा, ह्या जपानी गाडीच्या चेंबरला पॅकिंगच नाही! कारखान्यातूनच नुसता सिलिकॉनचा बॉन्ड लावून येते. शीट चेंबरच्या काठावर ठेवून हातोडीने टकटक ठोकत पॅकिंग कापायची तुमची कला इथे कोणी विचारत नाही.

जावईबापूंना वाटलं, सिलिकॉनच ना, मग बाथरूमच्या टाइल्सची उरलेली ट्यूब आहे की! ती उघडताच चिरंजीव ओरडले, "लोणचं!" बरोबर आहे. ती वाळताना व्हिनेगरचं आम्ल सोडते. त्याने धातू गंजतो, वर ऑक्सिजन सेन्सरची वाट लागते ती वेगळीच. दुकानात गेलो तर तांबडी, निळी, काळी, राखाडी अशा ट्यूबांची रांग. तांबडी जास्त उष्णतेसाठी, काळी तेलाला टिकणारी, राखाडी घट्ट आवळलेल्या जोडांसाठी. ह्यांना रंग आवडला म्हणून तांबडी हवी होती. मी गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीची काळी उचलली.

मग साफसफाई. जुना बॉन्ड खरवडायला हे पोलादी पातं घेऊन निघाले. ॲल्युमिनियमवर चरा पडला की तेल त्यातूनच वाट काढतं. प्लॅस्टिकची पट्टी हातात दिली आणि शेवटी ब्रेक क्लीनरने दोन्ही कडा कोरड्या ठणठणीत करून घेतल्या. "एवढं कशाला, चालशे," म्हणाले. सासुरवाडीचं गुजराती नेमकं एवढंच शिकलेत, आणि नेमका हाच शब्द तुमच्या गॅरेजात चालत नव्हता.

बॉन्ड लावताना तर केकवर आयसिंग घालावं तसा हात सुटला. थांबवलं. जादा बॉन्ड दाबला की निम्मा आत सांडतो, तुकडा सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो, तेल वर चढत नाही आणि इंजिन बसतं. सगळं पुसून पुन्हा एक बारीक, अखंड दोरी घातली, बोल्टच्या भोकांना आतल्या बाजूने वळसा देत. साय धरायच्या आत चेंबर बसवला आणि टॉर्क पान्याने बोल्ट थोडेथोडे, आळीपाळीने आवळले.

खरी गंमत पुढे. हा बॉन्ड हवेतली ओल पिऊन पिकतो. सुरतेच्या श्रावणात त्याला काय तोटा! इथल्या हिवाळ्यात हवा अशी सुकी की ओठ फुटतात, आणि थंडीत तो आणखीच रेंगाळतो. म्हणून गॅरेजात हीटर लावला, कोपऱ्यात इंडक्शनवर पाण्याचं पातेलं उकळत ठेवलं. शेजारी विचारायला आला, गाडीला चहा पाजताय का? मग त्यात आलं आणि चहापत्ती टाकून त्यालाही पाजला. तेल भरायची घाई दुसऱ्या दिवसापर्यंत करू दिली नाही.

आता डाग पडत नाही. जावईबापू शेजाऱ्याला सांगत फिरतात की इंजिनाचं काम त्यांच्या रक्तातच आहे. रक्त कुणाचं, हे विचारू नका. फोनवर शाबासकी जरूर द्या, पण बारीक दोरीएवढीच. जादा दिलीत तर आत सांडेल.

आई, येणाऱ्या कुणाबरोबर खाकरे पाठव.

तुमची लेक